एक घाव, दोन तुकडे? सरपण, कुऱ्हाड आणि आपला विचार

 

आजचा विषय ऐकून काहींनी आम्हाला विचारले, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने सरपणावर काय बोलायचे? आम्ही म्हटले, अहो, सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या गोवऱ्या नदीकडे निघालेल्याच असतात. सरपणाचा विचार त्याने नाही करायचा तर कुणी करायचा? पण थट्टा बाजूला ठेवू. सरपण गोळा करणे आणि लाकूड फोडणे या कामाबद्दल आपल्या भाषेने, आपल्या गोष्टींनी आणि जगातल्या विचारवंतांनी काय म्हटले आहे, ते आज तपासायचे आहे. हे समीक्षेचे व्याख्यान आहे. तेव्हा एक वाक्प्रचार, एक बोधकथा, एक लोकप्रिय कल्पना आणि एक संतकथा अशा चार गोष्टी घेऊ. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारू: हे सांगणाऱ्याने लाकूड फोडणाऱ्याचा हात पाहिला होता का?

आधी आपल्याकडचे सरपण म्हणजे काय, हे नीट बघू. पुस्तकातला लाकूडतोड्या रानात जातो. परतूरच्या माणसाने कुठल्या रानात जायचे? जालना जिल्ह्यात वन म्हणावे असे फारच थोडे. काळी माती, कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी, आणि बांधावर बाभूळ, लिंब, बोर. त्यामुळे इथल्या चुलीत जे जळत आले, ते मुख्यतः शेतातून आले. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, तूर बडवून झाली की तुराट्या, ज्वारीची धसकटे, गोठ्यातल्या गोवऱ्या. दुधना नदीच्या काठाला आणि पडीक जमिनीवर माजलेली येडी बाभूळ. खऱ्या अर्थाने कुऱ्हाडीचे लाकूड म्हणजे बांधावरची गावठी बाभूळ. तिचा निखारा टिकतो, म्हणून लग्नाच्या स्वयंपाकाला आणि मातीला तिचीच आठवण होते.

म्हणजे बघा, आपल्याकडे ‘सरपण’ हा शब्द ‘लाकूड’ या शब्दापेक्षा मोठा आहे. लाकूड ही वस्तू झाली. सरपण म्हणजे चुलीपर्यंत पोचलेले, वाळलेले, जळायला तयार असलेले काहीही. लाकडाचे सरपण होण्यासाठी कुणीतरी ते वेचावे लागते, तोडावे लागते, फोडावे लागते, मोळी बांधून चुंबळीवर आणावे लागते आणि पावसाळ्याआधी वाळवून रचावे लागते. त्या शब्दात श्रम आधीच धरलेले आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता वाक्प्रचार. ‘एक घाव दोन तुकडे’. निर्णय घ्यावा तर असा, असे आपण कौतुकाने म्हणतो. पुढारी म्हणतात, घरातले कर्ते म्हणतात. विद्यापीठात असताना बैठकांतून आम्हीही तो पुष्कळ ऐकला. पण ज्याने बाभळीचा ओंडका फोडला आहे त्याला विचारा. एका घावात दोन तुकडे क्वचितच होतात.

लाकडाचे तंतू बुंध्यापासून शेंड्याकडे उभे गेलेले असतात. त्यांना आडवे तोडणे फार कठीण असते. दोन तंतूंच्या मधून उभी फट पाडणे तुलनेने सोपे असते. म्हणून झाड पाडण्याचे काम वेगळे आणि लाकूड फोडण्याचे काम वेगळे. पाडताना तिरपे घाव घालून खाच करावी लागते. फोडताना कुऱ्हाड पाचरीसारखी आत शिरते आणि दोन्ही बाजूंना रेटते. फोडणारा आधी ओंडक्याचे तोंड बघतो. वाळताना पडलेली चीर कुठे आहे, गाठ कुठे आहे, फांदी कुठून फुटली होती, हे तो वाचतो. मोठ्या ओंडक्याच्या मध्यावर घाव न घालता तो कडेकडेने ढलप्या काढतो. कुऱ्हाड रुतली तर पाचर ठोकतो, पाचरीवर घण घालतो. एक घाव जिथे पडला तिथेच दुसरा पाडतो. लिंबासारख्या लाकडात तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. ते फाटत नाही, पिंजते. तिथे तर दहा घावही पुरत नाहीत.

म्हणजे या वाक्प्रचारात तलवारीचा दिमाख आहे, कुऱ्हाडीचा अनुभव नाही. लाकूड फोडणाऱ्याच्या अनुभवातून म्हण निघाली असती तर ती ‘आधी चीर बघ, मग घाव घाल’ अशी काहीतरी निघाली असती. आमची तक्रार केवळ शब्दांची नाही. आपण कशाला शहाणपण म्हणतो, याचा हा प्रश्न आहे. जोरात आणि एकदाच, म्हणजे निर्णय, असे आपण मानत आलो. समोरच्या वस्तूची घडण वाचणे, चुकला तर घाव बदलणे, गाठ शेवटी ठेवणे, यालाही बुद्धी लागते. पण त्या बुद्धीला आपल्या भाषेत प्रतिष्ठा नाही, कारण ती ज्यांच्याकडे होती त्यांनाही नव्हती.

दुसरी, बोधकथा. प्रामाणिक लाकूडतोड्या. इसापाची गोष्ट. ग्रीक कथेत हर्मीस हा देव येतो, आपल्याकडे जलदेवता येते. गरीब लाकूडतोड्याची कुऱ्हाड नदीत पडते. देवता सोन्याची कुऱ्हाड वर काढते, तो नाही म्हणतो. चांदीची काढते, तो नाही म्हणतो. लोखंडाची काढते, तो म्हणतो हीच माझी. मग तिन्ही त्याला मिळतात. दुसरा एक लोभी माणूस मुद्दाम कुऱ्हाड टाकतो, खोटे बोलतो आणि आपलीही गमावतो.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आणि नातवंडांना सांगितली. ती टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्यात काय नाही, ते बघू. सोन्याच्या कुऱ्हाडीने लाकूड तुटत नाही. सोने मऊ असते, पहिल्याच घावाला धार वळेल. लाकूडतोड्या ‘ती माझी नाही’ म्हणतो, हे खरे. पण ‘ती माझ्या कामाची नाही’ असे म्हणण्याची संधी गोष्टीने त्याला दिलीच नाही. त्याच्याकडे ज्ञान आहे, पण गोष्टीला त्याचे फक्त चारित्र्य हवे आहे. गरिबाकडून आपण नेहमी प्रामाणिकपणाची परीक्षा घेतो. त्याच्या कौशल्याची परीक्षा घ्यायला आपल्याला ते कौशल्य आधी माहीत असावे लागेल, ते नसते.

दुसरे असे, की ज्या झाडावर तो घाव घालत होता ते झाड कुणाचे, हा प्रश्न गोष्टीत नाही. आणि तिसरे, त्याचे बक्षीस काय? सोने. म्हणजे लाकूड तोडण्यापासून सुटका. त्या कामाला योग्य मोबदला मिळावा, असे गोष्टीला सुचत नाही. काम तसेच राहते, फक्त एक भला माणूस त्यातून वर उचलला जातो. बक्षीस आणि मजुरी यांतला फरक असा आहे: बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असते, मजुरीवर करणाऱ्याचा हक्क असतो. ही गोष्ट बक्षिसाची आहे.

तिसरी, सध्याची लोकप्रिय कल्पना. लाकूड फोडणे म्हणजे ध्यान. याला मोठी परंपरा आहे. चीनमध्ये तांग काळात पांग नावाचा एक गृहस्थ साधक होऊन गेला. पाणी वाहणे आणि सरपण आणणे यांतच खरा चमत्कार आहे, असा त्याचा भाव. अमेरिकेत थोरो 1845 ते 1847 वॉल्डन तळ्याकाठी राहिला आणि 1854 च्या त्याच्या पुस्तकात सरपणाचे मोठे प्रेमळ वर्णन आहे. नॉर्वेत 2011 मध्ये लार्स मिटिंग या लेखकाचे लाकूड तोडणे, रचणे, वाळवणे यावर पुस्तक निघाले आणि ते खूप खपले. 2013 च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने सरपण या विषयावर बारा तासांचा कार्यक्रम केला. त्यात कित्येक तास नुसती शेकोटी जळताना दाखवली. लोकांनी आवडीने पाहिली.

आम्ही याची टिंगल करणार नाही. या लेखनात खरे ज्ञान आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात बऱ्याचदा निम्मे पाणी असते. ते पाणी उडवण्यातच आगीची उष्णता जाते आणि घर धुराने भरते. फोडल्याने लाकडाची आतली बाजू उघडी पडते, साल आड येत नाही, लाकूड लवकर वाळते. पाण्याचे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली आले की ते नीट जळते. नॉर्वेचा माणूस हे शास्त्र म्हणून सांगतो. आपल्याकडच्या बाया तेच दोन ढलप्या एकमेकींवर वाजवून, आवाज ऐकून सांगतात.

पण फरक कुठे आहे? थोरोला परत जायला गाव होते आणि घर होते. त्याने ते काम निवडले होते. पांगबद्दल तरी कथा अशी, की त्याने आपली मालमत्ता नदीत बुडवली आणि बांबूच्या वस्तू विकून पोट भरले. त्याचा शब्द म्हणून जड वाटतो. आणि आपल्याकडे? गावगाड्यात सरपण फोडणे ही वेठ होती. पाटलाच्या, अंमलदाराच्या दारात लाकडे फोडून देणे, प्रेतासाठी लाकडे वाहणे, ही कामे महारांवर लादलेली होती. त्याला हक्क आणि वतन अशी गोड नावे होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते याच प्रकारच्या राबणुकीविरुद्ध. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि वेठबिगार इथेही होती. ज्याच्या आजोबाला हाक मारून फुकट लाकडे फोडून घेतली, त्याच्या नातवाला तुम्ही सांगणार का, की बाबा रे, लाकूड फोडणे हे ध्यान आहे?

इथे कुणी गीतेतला फलत्याग पुढे करेल. आम्ही चाळीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले, तेव्हा यावर थोडे बोलण्याचा हक्क घेतो. फळाचा त्याग करायला ते फळ आधी आपले असावे लागते. जे कधी हातात येऊच दिले नाही, त्याचा त्याग कसा करणार? वेठीचे काम निष्काम नसते. ते फक्त बिनमोबदला असते. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणे ही नुसती वैचारिक चूक नाही, तो अन्याय आहे.

आता चौथी कथा, आणि ही आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. जनाबाई. जनाबाई गंगाखेडची, म्हणजे आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातली. पुढे पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी. लोककथा अशी सांगतात, की कबीर तिला भेटायला आले, तेव्हा ती दुसऱ्या बाईशी गोवऱ्यांवरून भांडत होती. गोवऱ्या माझ्या की तुझ्या? कबिरांना नवल वाटले, ही कसली संत! न्याय कसा करायचा विचारले तर जनाबाई म्हणाली, कानाला लावून बघा. ज्या गोवरीतून विठ्ठलाचे नाव ऐकू येईल ती माझी. कारण ती थापताना मी ते घेत होते.

कीर्तनकार ही कथा भक्तीसाठी सांगतात, ते योग्यच आहे. आम्हाला मात्र तिच्यात मालकीचा एक सिद्धान्त दिसतो. पहिली गोष्ट, ही संत बाई सरपणासाठी भांडते. तिला ते क्षुल्लक वाटत नाही. दुसरी, ती शेण कुणाच्या गोठ्यातले हे सांगत नाही. गोवरी कुणाच्या हाताने थापली, हा तिचा पुरावा आहे. करणारीची खूण वस्तूत उतरलेली असते, असे ती म्हणते.

आता इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकशी तुलना करा. 1689 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने म्हटले, की निसर्गातल्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो म्हणून ती त्याची होते. उत्तम. पण त्याच प्रकरणात तो सहज सांगून जातो, की माझ्या चाकराने कापलेले मातीगवताचे ढेकूळ माझे. श्रम चाकराचे, मालकी धन्याची! जनाबाई स्वतः चाकर होती आणि तिने गोवरी आपली म्हणून मागितली. लॉकची जिथे पंचाईत होते, तिथे ही दासी सरळ पुढे जाते.

1842 मध्ये जर्मनीच्या ऱ्हाइन प्रांतात असाच वाद झाला. जंगलात गळून पडलेल्या काटक्या गोळा करणे ही चोरी धरावी, असा कायदा तिथल्या सभागृहापुढे होता. चोवीस वर्षांच्या कार्ल मार्क्सने त्याविरुद्ध वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली. उभे झाड तोडणे आणि गळालेली काटकी उचलणे एक नाही, हा त्याचा मुद्दा. पुढे त्याने स्वतःच नोंदवले, की आर्थिक प्रश्नांकडे आपण वळलो त्यात या वादाचा हात होता. म्हणजे एवढ्या मोठ्या विचाराच्या सुरुवातीला सरपणाची मोळी आहे.

हे सगळे परतूरला आणून बघा. इथे जंगल नाही, पण बांध आहेत. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या घरचे सरपण दुसऱ्याच्या शेतातून येते. कापसाच्या शेवटी अशी बोली असते: पऱ्हाट्या उपटून रान मोकळे करा, सरपण तुमचे. ही मजुरीच आहे, पण कुठल्या हिशेबात लिहिलेली नसते. आता काय होते आहे? ट्रॅक्टरच्या यंत्राने पऱ्हाटीचा भुगा करून जमिनीत गाडतात. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाट्या घराजवळ रचून ठेवू नका, असा कृषी विद्यापीठांचा सल्ला आहे. शेतीच्या दृष्टीने दोन्ही बरोबर आहेत. जमिनीला सेंद्रिय पदार्थ मिळतो, अळीचे कोष मरतात. पण जी न लिहिलेली मजुरी बुडाली, तिची भरपाई कोण करतो? ती हिशेबात नव्हती, म्हणून बुडाल्याचेही कुणाला कळत नाही.

तसेच मशीनचे. चेनसॉला आपल्याकडे नुसते मशीनच म्हणतात. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने 1926 मध्ये विजेवर चालणारी साखळीची करवत बनवली. तिच्या साखळीचे आजचे दात सुचले ते अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला, 1946 मध्ये, लाकूड पोखरणाऱ्या अळीचा जबडा बघून. बोधकथेतल्या लाकूडतोड्याला जे करू दिले नाही, ते याने केले. आपल्या कामाकडे बघून विचार केला.

कुऱ्हाडीला अर्धा दिवस लागणारी बाभूळ मशीन काही मिनिटांत आडवी करते. पण नीट बघा, मशीन काय करते? ती आडवे कापते. ओंडके पाडून देते. ते उभे फोडायला बहुतेक ठिकाणी अजून कुऱ्हाड, पाचर आणि घणच लागतो. काटक्या वेचायला, मोळी बांधायला, डोक्यावर आणायला काहीच यंत्र आलेले नाही. म्हणजे पुरुषांच्या वाट्याचे काम जलद झाले, बायांच्या वाट्याचे होते तसेच राहिले. झाड मात्र पूर्वीच्याच गतीने वाढते. तोडण्याचा वेग आणि वाढण्याचा वेग यांतले जुने नाते कुऱ्हाडीमुळे आपोआप सांभाळले जात होते, कारण हात थकत होता. मशीनचा हात थकत नाही. तेव्हा किती तोडायचे हे आता दमण्यावर सोडता येत नाही, ते ठरवावे लागते. कायदा आहे, 1964 चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमनाचा. पण बांधावरची बाभूळ कायद्याने नाही, शेतकऱ्याच्या विचाराने वाचते.

आणि मशीन चालवणारा? पायात चप्पल, डोळ्यावर काही नाही, कानात काही नाही. साखळीचे टोक लाकडात अडकले तर मशीन उलटून अंगावर येते. रोजच्या कंपनाने बोटे बधिर होतात. तो पोरगा या गोष्टीचा नायक नाही आणि खलनायकही नाही. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण घरभेद्याला लावतो. पण दांड्याला कुणी विचारले होते का, तुला कुऱ्हाडीत बसायचे आहे का म्हणून?

शेवटचा मुद्दा गॅसचा. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली. आठ कोटीव्या जोडणीचा कार्यक्रम 7 सप्टेंबर 2019 ला आपल्या जवळच, तेव्हाच्या औरंगाबादेत झाला. चांगली गोष्ट झाली, धुरातून बायांची सुटका व्हायलाच हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019–21 च्या फेरीत देशातली सुमारे 59 टक्के कुटुंबे स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरताना आढळली. ग्रामीण भागात मात्र 43 टक्केच. सिलिंडर घरात आहे, पण पाहुण्यांच्या चहापुरता, आणि अंघोळीचे पाणी व भाकरी चुलीवर, अशी घरे तुम्हाला आम्ही सांगायला नकोत. कारण सिलिंडरला रोख लागते आणि सरपणाला ‘काही लागत नाही’. हे ‘काही लागत नाही’ म्हणजे काय, तर एका बाईचा वेळ आणि पाठ. ती मोजली की मग सरपण महाग निघेल. मोजत नाही, म्हणून ते फुकट.

तर आजच्या समीक्षेचा निष्कर्ष थोडक्यात. वाक्प्रचाराने घाव पाहिला, फोडणाऱ्याची नजर पाहिली नाही. बोधकथेने चारित्र्य पाहिले, कौशल्य आणि मजुरी पाहिली नाही. ध्यानाच्या कल्पनेने काम पाहिले, सक्ती पाहिली नाही. जनाबाईच्या कथेने मात्र विचारले, हे कुणाच्या हाताचे? लेखन वाचताना, योजना तपासताना, म्हण वापरताना हा प्रश्न जवळ ठेवावा, एवढेच आम्हाला सुचवायचे आहे. परतूरच्या बांधावर त्याचे उत्तर पुस्तकापेक्षा लवकर मिळते.

आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. ज्यांनी स्वतः लाकडे फोडली आहेत त्यांनी आधी विचारावे.